भुऱ्याची साखर

शेलूबाजार,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. तनुजा,

आशीर्वाद. मी बरा आहे. तू आणि नवीनराव नाशकात बरे असाल असं धरून चालतो, कारण विचारायची दुसरी सोय राहिली नाही. फोन लावतो तो वाजून वाजून बंद पडतो. म्हणून आज कागद घेऊन बसलो. लिहायला बसलं की आपोआप शाळेतली भाषा येते, त्याला हसू नको.

वावरात मेथी निघाली. सांबार, म्हणजे शाळेतली कोथिंबीर, यंदा दाट आला, वांग्याला मात्र अळीनं धरलं. गोमतीबाई अजूनही तांड्यावरून सकाळी तोडणीला येते. तिची सून शीला तांड्यावर आशाताईचं काम करते, पण तोडणीच्या दिवसांत सासूच्या हाताखाली तीही येते. दोघी तुझी आठवण काढतात. स्वयंपाक मीच करतो. भाकर जमते. भाताचा कधीकधी गिचका होतो.

आता ज्यासाठी लिहितोय ते. भुऱ्याला शुगर झाली आहे.

मलाही आधी खरं वाटलं नाही. तू बारावीत असताना ओढणीत गुंडाळून आणलेलं ते पिल्लू आता केवढा थोराड बोका झाला होता, तुला फोटोवरून कळणार नाही. तुझी आई गेल्यावर तो फार खायला लागला. मीही त्याला दूध-बिस्किटं घालत राहिलो. घरात खाणारं दुसरं कोण होतं?

दिवाळीच्या आधीपासून तो टाक्यापाशी जाऊन बसायचा आणि पाणी पीत राहायचा. पीत राहायचा, पीत राहायचा. खाणं दुप्पट आणि अंग उतरत चाललेलं. पाठीचं हाड हाताला लागायला लागलं. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायचा, म्हाताऱ्यानं चप्पल फरफटवावी तसा. एक दिवस त्यानं ओट्याच्या कोपऱ्यात मुतून ठेवलं. तासाभरानं बघतो तर तिथं मुंग्यांची रांग. तेव्हा मी खालीच बसलो. असलं पाणी पिणं मी या घरात बारा वर्षं पाहिलं होतं.

गोमतीबाई म्हणाली, "दादा, मांजराले कुठं शुगर होते का? बोक्याचं वय झालं आता. मरते तं मरू द्या."

मी ऐकलं नाही. भाजीच्या कॅरेटात त्याला घातलं, वरून पोतं बांधलं आणि आपला माल नेणाऱ्या जगदेवच्या जीपमधून मंगरूळपीरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. सगळी जीप हसली. जगदेव म्हणाला, "काका, आता बोकेबी इकून राह्यले का बाजारात?"

तिथं डॉक्टर निता राठोड म्हणून पोरगी आहे. तुझ्याच वयाची. गायी-म्हशींच्या रांगेत माझा नंबर आला तेव्हा ती हसली नाही. भुऱ्याच्या कानाच्या कडेला बारीक टोचून तिनं थेंब घेतला आणि आपल्या घरच्यासारख्याच यंत्रात पट्टी लावली. चारशे बारा.

"काका, माणसाले होते तशीच याला होते," ती म्हणाली. "सुई द्यावी लागेल. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. रोज. जमेल तुमाले?"

मी म्हटलं, "मला येते सुई देता."

"कोनाले देत होते?"

"घरात," मी म्हणालो. 

मी बरोबर आपल्या फ्रिजमधली इन्सुलिनची जुनी बाटली घेऊन गेलो होतो. तिनं तारीख बघितली आणि बाटली बाजूला ठेवली. म्हणाली, ही फेकून द्या. नवी दिली, आणि तिच्यासोबतच्या सुया दिल्या. बाटलीवरचा आकडा आणि सुईवरचा आकडा एकच पाहिजे, नाहीतर एकाच्या जागी अडीच जातात, असं दोनदा सांगितलं. मांजराला एक युनिट. फक्त एक. तुझ्या आईला मी अठरा देत होतो, त्यापुढे एक म्हणजे सुईत काही दिसतसुद्धा नाही.

मग तिनं एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "एका आकड्यावर जायचं नाही, काका. इथं दवाखान्यात आलं की भीतीनंच मांजराची साखर वर चढते. घरी सकाळी सुईच्या आधी बघाल तर तो दिवसातला सगळ्यात वरचा आकडा असतो, कारण आधीची सुई तेव्हा संपलेली असते. सुई दिल्यावर साखर खाली खाली जाते, पाच-सहा तासांनी तळाला लागते, मग परत चढते. तो तळ कुठं आहे ते पाहल्याशिवाय डोस वाढवायचा नाही. कधीच नाही. एक दिवस घरी बसा आणि दर दोन तासांनी बघा."

मागच्या रविवारी मी बसलो. गोमतीबाईनं त्याला मांडीवर धरलं, पहिल्यांदा ओरबाडलं तरी सोडलं नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आकडे लिहिले. सकाळी सातला तीनशे बहात्तर. नऊला दोनशे नव्वद. अकराला एकशे चौसष्ट. एकला शहाण्णव. तीनला एकशे चाळीस. पाचला दोनशे एक्कावन्न. संध्याकाळी सातला तीनशे चाळीस. मग टिंबं टिंबं जोडली तर खाटेच्या दोरीसारखा झोळ पडला, मधोमध खोल.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना तो कागद दाखवला. त्यांनी एकच्या टिंबावर बोट ठेवलं. "पाहा. सकाळचा तीनशे बहात्तर पाहून तुमी सुई वाढवली असती, तं दुपारी एक वाजता हा मेला असता."

मी तो कागद घडी करून खिशात घातला. जीपमध्ये बसलो आणि उतरायचं तिथं उतरलोच नाही, पुढं गेलो. परत चालत आलो.

तुझ्या आईचा आकडा मी फक्त सकाळी बघायचो. असो.

तेराव्यानंतर आपलं बोलणं नाही. दहाव्याला जे बोललो ते इथं काढत नाही. भुऱ्याला बघायला ये असंही म्हणत नाही. पत्र मिळालं एवढं कळलं तरी पुरे, म्हणून रजिस्टर करतो आहे.

तुझे बाबा


शेलूबाजार,
दि. २१ जानेवारी २०२५

चि. तनुजा,

आशीर्वाद लिहावा की नाही, इथंच अर्धा तास अडलो.

तुझी पोचपावती आली. तिच्यावर नुसतं 'तनुजा' लिहिलेलं आहे. तेवढं अक्षर पाहिलं, म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलं. उत्तर नाही, त्याचा राग नाही. हे पत्र वाचून झाल्यावर उत्तर द्यावंसं वाटणारही नाही.

गेल्या गुरुवारी भुऱ्याचं असं झालं. सकाळी सातला त्याच्यापुढं खाणं ठेवलं. त्यानं वास घेतला, मान फिरवली आणि जाऊन चुलीपाशी बसला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खाल्लं तरच सुई. नाही खाल्लं तर आधी मला फोन करा. मला हे पाठ होतं. पण आकडा घेतला तर चारशे तीस आला. चारशे तीस पाहिला की माझं डोकं चालत नाही, हात चालतो. शिवाय जगदेवचा फोन आला होता की तो लवकर येतोय, आणि पालक अजून बांधायचा होता. मी म्हटलं, खाईल मागाहून. आणि सुई दिली. एक नाही, दीड दिली.

साडेबारा वाजता गोमतीबाईनं हाक मारली, "दादा, बोका पाहा कसा करून राह्यला!"

तो वाफ्याच्या कडेनं चालत होता आणि दर दोन पावलांना आडवा पडत होता, दारू प्यायल्यासारखा. मग पडला तो उठेना. डोळे उघडे, पण माझ्याकडं पाहत नव्हते. तोंडातून लाळ. सगळं अंग बारीक थरथरत होतं. तनू, मला ते डोळे ओळखू आले. मी जागचा हललो नाही. किती वेळ उभा होतो माहीत नाही. गोमतीबाई ओरडली, "अवो, डाक्टरबाईनं काय सांगतलं होतं तुमाले? साखर आना ना!"

मग मी पळालो. वाटीत साखर, चार थेंब पाणी, बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळली. घशात ओतायची नाही, फक्त चोळायची, असं सांगितलेलं होतं. कानाला टोचलं तर अडतीस. परत चोळली. परत. गोमतीबाई त्याचं डोकं धरून बसली होती. पंधरा मिनिटांनी त्यानं मिशा हलवल्या. मग जिभेनं माझं बोट चाटलं. अर्ध्या तासानं बसला, आणि दूध-भाकरीवर तुटून पडला. परत मोजली तर एक्काहत्तर.

पंधरा मिनिटं लागली, तनू. दोन चमचे साखर लागली.

गोमतीबाईनं पदरानं हात पुसले. तिच्या मनात काही नव्हतं, ती साधं बोलली. म्हणाली, "दादा, तनूच्या मायच्या तोंडाले त्या दिवशी कोनी अशी साखर लावली असती तं?"

संध्याकाळी त्याला घेऊन मंगरूळपीरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मान वर न करता विचारलं, "काका, सकाळी खाल्लं होतं का यानं?"

हाच प्रश्न मला आधी एका डॉक्टरनं विचारला होता. तेव्हा मी हो म्हणालो होतो. या वेळी मी नाही म्हणालो, आणि मला तिथंच रडू कोसळलं. बाहेर लोक बकऱ्या घेऊन उभे होते. ती बिचारी समजली की मी बोक्यासाठी रडतोय. म्हणाली, "वाचला ना तो, काका. चूक होते मानसाकडून."

आता तुझी आई पडली त्या शुक्रवारचं लिहितो. मधे थांबलो तर परत हातात पेन धरणार नाही, म्हणून थांबत नाही.

त्याच्या आधीचे दोन महिने तुझ्या आईचा सकाळचा आकडा चढत होता. अडीचशे, पावणेतीनशे. तिला डॉक्टरकडं न्यायला हवं होतं. पण मेथीचा हंगाम होता. मला वाटलं, बारा वर्षं सुई देतोय, मला काय कळत नाही? दर तीन आठवड्यांनी दोन युनिट वाढवत गेलो. चौदाचे सोळा, सोळाचे अठरा. दुपारी ती वाफ्यात बसल्या बसल्या घामानं भिजायची. हात थरथरायचे. भलतंच काही बोलायची, एकदा तर मला रामधन म्हणाली, इंझोरीच्या तुझ्या मामाचं नाव घेऊन. मी म्हटलं, ऊन लागलं. जानेवारी-फेब्रुवारीत कसलं ऊन, तनू? तिची साखर दर दुपारी तळाला जात होती आणि मी सकाळी वर चढलेला आकडा पाहून आणखी सुई भरत होतो.

त्या दिवशी सात वाजता अठरा युनिट दिले. मग तुझा फोन आला. सासूबाई तुला शिकवणीची नोकरी सोड म्हणत होत्या. आई म्हणाली, जमवून घे. तू ओरडलीस, "तुमी मले इथं टाकून मोकळे झाले! मले तुझ्याशी बोलाचंच नाही." फोन ठेवल्यावर ती दोन मिनिटं भिंतीला टेकून बसली. इथपर्यंत मी तुला सांगितलं आहे. सगळ्यांना सांगितलं आहे.

पुढचं कोणालाच सांगितलं नाही. ती उठली, तोंड धुतलं आणि स्वतःचं ताट वाढून घेतलं. भाकर आणि वांग्याची भाजी. ताटावर बसली आणि मला म्हणाली, "चिडते तं चिडू द्या. सासरी कोनावर चिडन? आपल्यावरच चिडन ना पोट्टी." तिला तुझा राग आला नव्हता. ती हसत होती. पहिला घास मोडला तेवढ्यात जगदेवचा फोन आला, जीप लवकर निघतेय. मी म्हटलं, "आवडे, आधी जुड्या बांधून दे. मंग जेव." तिनं घास ताटात परत ठेवला, ताट झाकलं आणि उठली.

तुझ्या फोनमुळं ती उपाशी राहिली नाही. माझ्यामुळं राहिली.

साडेनवाच्या सुमारास ती जुड्या फेकायला लागली. सुतळी सापडेना म्हणून ओरडली, सुतळी तिच्याच हातात होती. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मला वाटलं, रागानं साखर वर गेली. पट्ट्या संपल्या होत्या, मोजलं नाही. मी आणखी दहा युनिट भरले आणि दिले. तिनं दंड पुढं केला, नाही म्हणाली नाही. मी तिला बाजेवर निजवलं, म्हटलं पडून राह्य थोडं, आणि माल घेऊन जीपमध्ये बसलो.

तीन वाजता परत आलो. ताट तसंच झाकलेलं होतं. ती बाजेवरून खाली पडलेली, दातखीळ बसलेली, लुगडं पाण्यात काढल्यासारखं ओलं. अजून श्वास होता.

अकोल्याला पोचलो तेव्हा डॉक्टरांनी तिची साखर मोजली. बावीस. त्यांनी मला विचारलं, "जेवल्या होत्या का? सुई कधी दिली?" मी म्हणालो, "जेवली. सात वाजता, एकदाच." त्यांनी काय करायचं ते केलं, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. लोकांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, हार्ट.

मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो की मला कळत नव्हतं. शुगर म्हणजे साखर वाढायचा आजार, कमी होऊन माणूस कसा मरेल, मी काय डॉक्टर आहे? पण ज्याला खरंच कळत नाही तो खोटं बोलत नाही. मी अकोल्यात खोटं बोललो, म्हणजे आतून मला कळलं होतं.

आणि दहाव्याला तू माझ्या पायाशी बसून विचारलंस, "बाबा, आई शेवटी काय म्हनली?" सगळे नातेवाईक होते. मी म्हणालो, "तुझ्या फोननंतर तिनं अन्नाला हात लावला नाही. तुझ्या बोलण्यानं गेली ती." मामानं तुला तेव्हाच सांगितलं, माझ्या दारात येऊ नको.  तू भिंतीकडं तोंड करून बसलीस ते मी पाहिलं. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, आता मला कोणी विचारणार नाही. हे खरं आहे, म्हणून लिहितोय.

तू तिला मारलं नाहीस. तिला तुझा रागसुद्धा आला नव्हता. ती शेवटी जे म्हणाली ते वर लिहिलं आहे, ते तुझं आहे, ठेवून घे. माफी मागत नाही. मागितली तर देणं तुझ्यावर येऊन पडेल.

बाबा


शेलूबाजार,
दि. १३ फेब्रुवारी २०२५

तनुजा,

मागच्या आठवड्यात तुझा फोन आला. नाव पाहून मी वाफ्यातच बसलो.  बोलायला जागा नव्हती आणि तू दिलीही नाहीस, ते बरोबर केलंस.

तू वीस मिनिटं ओरडत होतीस. शेजारच्या वावरातला गडी उभा राहून पाहत होता. तू जे बोललीस ते मी विसरू नये म्हणून त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं. एक वाक्य तर लिहायची गरज नव्हती. तू म्हणालीस, "दोन वर्सं झाली, मी कोनाशी भांडली नाही बाबा. सासूशी नाही, नवऱ्याशी नाही. नोकरी सोडून देली. त्याइनं काहीबी म्हनलं तं हो म्हनलं. मी मोठ्यानं बोलली की मानूस मरते, असं वाटे मले. तुमी मले मुकी करून ठेवलं."

मी तुझ्या आईला गमावलं एवढंच असं दोन वर्षं समजत होतो. तुला काय करून ठेवलं ते मला माहीतच नव्हतं. तू फोन उचलत नव्हतीस तर मी म्हणायचो, पोरगी रागात आहे. तू रागात नव्हतीस. तुला भीती वाटत होती, फोनवर बोलायची. हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

तू सांगितलेलं सगळं केलं. काल इंझोरीला गेलो. रामधनला त्याच्या अंगणात, त्याच्या बायकोसमोर सगळं सांगितलं. ताटाचं, दहा युनिटांचं, अकोल्यातल्या खोट्याचं.  संपल्यावर म्हणाला, "भाऊजी, दोन वर्सं मी त्या लेकराले दारात येऊ देलं नाही." उठला आणि आत गेला. मी तासभर बसलो, तो बाहेर आला नाही. त्याच्या बायकोनं आणलेला चहा तसाच ठेवून निघालो. तो तुला फोन करील, असं मला वाटतं. केला तर उचल.

इथंही दोघाचौघांना सांगितलं. जगदेवला सांगितलं तेव्हा त्यानं जीप बाजूला घेतली आणि म्हणाला, "काका, माहा फोन होता तो." त्याला मी म्हटलं, तुझा काही दोष नाही. आता तोही भाजी घ्यायला येतो तेव्हा खाली पाहतो. एकेकाला सांगावं तसं ते एकेकाच्या वाट्याला जातं. पण तुझ्या एकटीवर होतं त्यापेक्षा बरं.

भुऱ्याचं तू म्हणालीस ते ऐकून मला आधी लागलं. "त्याले गोमतीमावशीकडे द्या. तुमच्या हातानं त्याले सुई देऊ नका." मग म्हटलं, ती बरोबर बोलते. चारशे तीस दिसलं की माझा हात अजूनही आधी चालतो. शीलाला सोबत घेऊन मंगरूळपीरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला अर्ध्या तासात शिकवलं. ती नर्सबायांसोबत काम करते, तिचा हात हलका आहे. आधी खाणं, मग मोजणं, मग सुई, आणि शंका आली तर सुई नाही, हे तिनं माझ्यासमोर चारदा म्हणून दाखवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एखादी सुई चुकली तर बोका मरत नाही, एखादी जास्त गेली तर मरतो.

रविवारी भुऱ्याला तांड्यावर पोचवलं. त्याचं वाडगं, यंत्र, पट्ट्या, सगळं दिलं. मी निघालो तेव्हा तो गोमतीबाईच्या पायात घोटाळत होता, मागं आला नाही. शीलानं मंगळवारी दिवसभराचे आकडे काढले. तळ एकशे अठरा आला, आणि सकाळचा दोनशे चाळीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच राहिलं तर तो अजून दोन-तीन वर्षं काढेल. शीलाचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत घातला आहे. यापुढं त्याची खबर तिलाच विचार. माझ्यामार्फत नको.

तू शेवटी म्हणालीस, आईच्या यंदाच्या श्राद्धाला येणार नाही. येऊ नको. तुझ्या आईचं तू तिकडं तुझ्या पद्धतीनं कर. तुला जे म्हणायचं होतं ते तिला थेट म्हण, मोठ्यानं म्हण.

घर आता सगळं रिकामं आहे. पहाटे तीनलाच जाग येते, आणि सात वाजले की हाताला काम नसतं. स्वयंपाक होत नाही म्हणून मुरमुरे खाऊन वावरात जातो. तुला कीव यावी म्हणून हे लिहीत नाही. तू विचारलंस की तुमाले रात्री झोप येते का, त्याचं हे उत्तर समज.

आणखी एक तू म्हणालीस, फोन ठेवायच्या आधी. "तुमाले बाबा म्हनाचं का नाही, ते मले ठरवू द्या." ठरव. घाई नाही. माझ्या हयातीत ठरलं नाही तरी चालेल. तोपर्यंत पत्राखाली काय लिहावं ते मला कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहितो.

शालिकराम